चेनमन केरबाच्या एकतीस सह्या

मांजरठाणच्या नगरपालिकेत केरबा सोनकांबळे चेनमन होता. जमीन मोजताना ओव्हरसियर वहीत आकडे लिहितो आणि दोन माणसं साखळीची दोन टोकं धरतात. त्यांतल्या पुढच्या टोकाचा माणूस म्हणजे केरबा. ज्वारीच्या धसकटांत, बाभळीच्या काट्यांत, चिखलात पहिलं पाऊल त्याचं पडायचं. नगरपालिकेच्या हजेरीपटावर त्याचं नाव शेवटून तिसरं होतं. पण बांधावरून भांडणारे दोन सख्खे भाऊसुद्धा म्हणायचे, "टोक केरबाच्या हातात असंल तर माप मान्य हाय." कारण त्यानं साखळी कधी सैल सोडली नव्हती.

आणि माणूस रागीट. कपाळावर दोन उभ्या आठ्या कायमच्या. कुणी म्हणालं, "केरबा, असू दे की वीतभर इकडं तिकडं," तर तो साखळी तिथंच टाकून त्याच्या तोंडाकडं बघत उभा राहायचा, तो माणूस खाली बघेपर्यंत.

या रागाला एक कारण होतं, आणि ते बहात्तरच्या दुष्काळातलं होतं.

त्या साली गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं. विहिरी आटलेल्या, रानात हिरवं पान नाही. बौद्धवाड्यातली, मांगवाड्यातली, मराठ्यांची, लिंगायतांची, सगळ्यांची माणसं एकाच कामावर. तिथं मजुरी मापावर होती. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल एवढा खड्डा खणून माती बांधावर टाकली की एक माप भरायचं. केरबाची बायको भामाबाई तेव्हा विशीतली, अंगानं काटक. ती आणि केरबा मिळून दिवसभर खणायचे, आणि संध्याकाळी मुकादम दोरी घेऊन यायचा, खड्ड्यात टाकायचा आणि म्हणायचा, "कमी पडतंय. उद्या पुरं करा."

रोज कमी पडायचं. सगळ्यांचंच कमी पडायचं. लोक म्हणत, मुरूम कडक आहे, आपल्याच हाताला जोर नाही. भामाबाईनं एकदा खड्ड्यातच बसून कपाळ बडवून घेतलं. दुसऱ्या दिवशी केरबानं शाळेतल्या मास्तरकडून फूटपट्टी मागून आणली, एका बांबूवर कोयत्यानं एकेका फुटाच्या दहा खुणा पाडल्या, आणि संध्याकाळी मुकादमानं दोरी टाकली तेव्हा तिच्याशेजारी बांबू ठेवला. दोरी बांबूवरच्या दहाव्या खुणेपेक्षा आठ बोटं लांब भरली.

"ही दोरी दहाची न्हाई," केरबा म्हणाला.

मुकादमानं त्याच्या कानाखाली मारली. केरबानं दोरी सोडली नाही. दोन माणसांनी त्याला ओढलं, तिसऱ्यानं पाठीत लाथ घातली, तरी दोरी त्याच्या मुठीत. तेवढ्यात सायकलीवरून कामावरचा नवा ओव्हरसियर आला. शेषेराव त्याचं नाव. नांदेडला डिप्लोमा करून नुकताच लागलेला, तेवीस वर्षांचा पोरगेला माणूस. त्यानं पिशवीतून लोखंडी टेप काढला, दोरीला लावला आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं सांगितलं, "साडेदहा फूट आहे."

त्या आठवड्यात शेषेरावनं सगळे खड्डे नव्यानं मोजले. मुकादम गेला. आणि मोजताना टेपचं दुसरं टोक धरायला त्यानं केरबाला बोलावलं.

पुढं शेषेराव मांजरठाणच्या नगरपालिकेत लागला, तेव्हा खटपट करून त्यानं केरबालाही आणलं. अंगठा लावायला केरबा पुढं झाला तर शेषेराव म्हणाला, "अंगठा कशाला? सही शीक." आणि जुन्या नकाशाच्या पाठीवर पेन्सिलीनं 'के. स. सोनकांबळे' असं लिहून दिलं. केरबानं महिनाभर तो कागद गिरवला. आकडे त्याला येतच होते, त्यामागून हळूहळू अक्षरंही आली. त्या सहीत 'सो'चा काना तो जरा जास्तच उंच काढायचा. भामाबाई चेष्टा करायची, "काना हाय का झेंड्याची काठी?"

शेषेरावसाहेब म्हणजे केरबाला देवमाणूस. असा दहा वर्षांचा काळ गेला.

मग नवा जिल्हा झाला. उस्मानाबादेतून तालुके काढून लातूर वेगळं केलं, आणि मांजरठाण नव्या जिल्ह्यात आलं. काल ज्या गावात एसटी थांबली तर थांबली, तिथं आज लातूरचे, नांदेडचे लोक प्लॉट विचारत हिंडू लागले. कचेऱ्या येणार, कॉलेज येणार, रस्ता रुंद होणार. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द, लेआउट. डाळ मिलवाले, आडतवाले, ज्यांनी आयुष्यात तुरीच्या पोत्याबाहेर काही पाहिलं नव्हतं, ते नकाशाच्या गुंडाळ्या काखेत मारून नगरपालिकेच्या पायऱ्या चढू लागले.

त्याला कायदा होता. गावाचा आराखडा रंगवून भिंतीवर लावलेला होता. पिवळा रंग तिथं घरं, हिरवा रंग तिथं शेती. पिवळ्यात लेआउट पाडायचा तर दहावा हिस्सा मोकळी जागा सोडायची, पोरांना खेळायला, माणसांना बसायला. रस्ते ठरल्या रुंदीचे. ओढा असेल तर दोन्ही काठांना अंतर सोडून मग प्लॉट. आणि हिरव्याचं पिवळं करायचं तर गावाला विचारायचं, महिनाभर हरकती घ्यायच्या, लातूरहून नगररचनेचे साहेब येऊन सुनावणी घेणार. या सगळ्याच्या आधी ओव्हरसियरनं जागेवर जाऊन पाहणी करायची आणि अहवाल लिहायचा. अहवालावर खाली दोन सह्या, एक ओव्हरसियरची, एक साखळी धरणाऱ्याची. म्हणजे जमीन खरंच मोजली, याला साक्ष.

कायदा चांगलाच होता. त्यात काही खोट नव्हती.

शेषेरावसाहेबांची सायकल जाऊन मोटारसायकल आली. साहेब उन्हात जाईनासे झाले. केरबाला वाटायचं, कामं कमी झाली असतील. महिनाअखेरीला साहेब कागदांचा गठ्ठा पुढं टाकायचे, "मार रे सह्या, हजेरीबरोबरच उरकून टाक." केरबा एकामागून एक 'सो'चा काना उंच काढायचा. ज्यानं सही शिकवली त्याच्या हातचा कागद वाचायचा असतो, हे त्याच्या मनातही आलं नाही.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात एक दिवस दवाखान्यातली आया महादेवी नगरपालिकेत आली. उदगीरकडची बाई. नवरा गेल्यावर दोन पोरी घेऊन इथं राहिलेली, केरबाला 'अण्णा' म्हणायची. तिनं चंद्रप्पाच्या लेआउटात प्लॉट घेतला होता. चंद्रप्पा म्हणजे गावातला बडा आडत्या, डाळ मिलचा मालक. गावाच्या दक्षिणेला अकरा एकरांत त्यानं 'शिवशक्तीनगर' पाडलं होतं.

"अण्णा, कागदं झाली. पण माझा प्लॉट कोन्चा, कुणी दाखवंना झालंय. मुनीम म्हणतोय, तिकडंच हाय कुटंतरी. तुमी बगा की जरा."

रविवारी केरबा टेप घेऊन तिच्याबरोबर गेला. नकाशा उलगडला, कोपऱ्यातला दगड शोधला आणि एकेक प्लॉट मोजत निघाला. तीस, एकतीस, बत्तीस. तेहतीसपाशी जमीन उतरायला लागली. महादेवीच्या चौतीस नंबरचा एक कोपरा काठावर, आणि उरलेले तीन कोपरे चिंचओढ्याच्या पात्रात.

महादेवी ओढ्यातल्या वाळूत उभी होती. "इथं?" तिनं विचारलं.

केरबानं पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मग त्यानं तिच्या हातातली सगळी कागदं मागितली आणि बाभळीखाली बसून एकेक अक्षर लावत वाचली. मंजूर नकाशात ओढाच नव्हता. जिथं ओढा होता तिथं काही प्लॉट होते, आणि पुढं जिथं पात्र रुंद होत गेलं होतं, तिथं हिरव्या रेघा मारून लिहिलं होतं, 'मोकळी जागा'. पोरांनी खेळायची जागा ओढ्याच्या पोटात. मागं अहवाल जोडला होता. 'जागेची प्रत्यक्ष पाहणी केली. जागा सपाट आहे. नाला, ओहोळ आढळला नाही.'

खाली साहेबांची सही. तिच्याखाली दुसरी. के. स. सोनकांबळे. 'सो'चा काना उंच.

केरबाला आधी वाटलं, कुणी खोटी मारली. मग त्यानं कान्याकडं पाहिलं. सही त्याचीच होती.

"काय झालं अण्णा?" महादेवीनं विचारलं.

"काय न्हाई. घरी जा," तो म्हणाला. तिच्याकडं बघायची त्याची हिंमत झाली नाही.

सोमवारी सकाळी शेषेरावसाहेब खुर्चीवर बसायच्या आत केरबा त्यांच्यापुढं उभा.

"साहेब, चंद्रप्पाच्या लेआउटाला आपुन कवा गेलतो?"

शेषेराव हसले. "का रे? एकदम?"

"न्हाई गेलो. मी गेलो न्हाई, तुमी बी गेले न्हाईत. त्यात ओढा हाय."

"ओढा? केरबा, तेरा वर्षं झाली, त्या ओढ्यात गुडघाभर पाणी बघितलंस का तू? दुष्काळानं मेलाय तो. नकाशात कशाला दाखवायचा?"

"कोरडा असला तरी ओढाच हाय, साहेब. त्या बाईचा प्लॉट त्याच्या पोटात हाय. अन् खाली माझी सही हाय."

"हळू बोल." साहेबांनी दाराकडं पाहिलं. "सगळीकडं असंच चाललंय. लातूरला जाऊन बघ, नांदेडला बघ. एवढे प्रस्ताव येतात, एकेक जागा तुडवत बसलो तर गाव वाढायचं कधी? तुला काय त्रास आहे? पगार वेळेवर मिळतो ना?"

"मला सही शिकवली तुमी."

"शिकवली. मग?"

"ती यासाठी शिकवली का?"

शेषेरावांचा चेहरा तेवढ्यापुरता उतरला. मग त्यांचा आवाज चढला. "ज्या घरात राहतोस त्यातली चूल माझ्यामुळं पेटते, एवढं ध्यानात ठेव. जा, कामाला लाग."

दुसऱ्या दिवसापासून केरबाला साखळीवरून काढून गटारीच्या कामावर घातलं. फावडं हातात दिलं. त्याचं त्याला काही वाटलं नाही, फावडं त्याच्या ओळखीचं होतं. पण मनात एकच प्रश्न फिरत राहिला. असे किती? नोंदीच्या खोलीतला शिपाई निवृत्ती त्याच्या ओळखीतला. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तो दार लोटून घ्यायचा आणि केरबा कपाटातल्या फायली एकेक करून बघायचा. आठवडाभरात मोजदाद झाली. ज्या जागी त्याचं पाऊलही पडलं नव्हतं, अशा एकतीस अहवालांवर त्याची सही होती.

त्या संध्याकाळी तो घरी आला आणि भाकरीला हात न लावता बसला. भामाबाईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. त्याला वाटलं होतं, ती म्हणेल गप ऱ्हावा, लेकरं शिकायलीत.

भामाबाईनं तवा खाली उतरवला. "त्या मुकादमाची दोरी साडेधाची होती. तुमची सही किती फुटाची हाय?"

केरबा ताडकन उठला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हात तिच्यावर उगारला गेला. ती हलली नाही.

"मारा," ती म्हणाली. "पर खरं सांगा. आता दोरी तुमच्याच हातात हाय का न्हाई?"

त्यानं हात खाली घेतला. तो बाहेर जाऊन ओट्यावर बसला. राग साहेबावर होता, चंद्रप्पावर होता, बायकोवर होता. आणि सगळ्यांत जास्त, उंच काना काढताना खुश होणाऱ्या त्या केरबावर होता.

पंधरा दिवसांत संधी आली. चंद्रप्पाला शेजारचे चौदा एकरही हवे होते. ते हिरव्यात होते, त्यांचं पिवळं करायचं होतं. नोटीस निघाली. कुठं लावली? फळ्यावर नाही, आवक-जावकच्या खोलीत दाराच्या मागच्या बाजूला, दार उघडलं की भिंतीकडं जाणाऱ्या अंगावर. गटारीची हजेरी द्यायला गेलेल्या केरबाला ती दिसली, कारण त्यानं रागानं दार आपटलं होतं.

प्रस्तावाला अहवाल जोडला होता. 'जागा सपाट आहे.' तोच ओढा याही चौदा एकरांतून जात होता. आणि खाली तीच सही, त्या एकतिसांतली एक.

पुढचे तीन रविवार केरबानं ओढा मोजला. पुढचं टोक त्याच्या हातात, मागचं भामाबाईच्या. महादेवी चुन्याच्या खुणा करायची. दर शंभर फुटांवर पात्राची रुंदी, काठाची उंची. एका जुन्या बाभळीच्या फांदीत दुष्काळाआधीच्या पुराबरोबर आलेला कडबा, चिंध्या अडकून वाळल्या होत्या. जमिनीपासून ती जागा केरबाच्या खांद्याएवढी उंच. त्यानं तेही मोजून लिहिलं. चौथ्या रविवारी घरी बसून हरकत लिहिली. अक्षर वेडंवाकडं, पण आकडे शिशाच्या ठोकळ्यासारखे.

आवक-जावकचा कारकून कागद वाचून म्हणाला, "ठेवून जा."

"पोच द्या."

"तुला कशाला पोच? तू घरचाच माणूस."

"शिक्का मारून पोच द्या."

"साहेबांना विचारून सांगतो, उद्या ये."

केरबा टेबलाला चिकटून उभा राहिला. कारकून चहाला गेला, आला. केरबा तिथंच. जेवायला गेला, आला. केरबा तिथंच. लोक कागद द्यायला येत, त्याला वळसा घालून हात पुढं करत. चारच्या सुमाराला कारकुनानं शिक्का असा आपटला की शाईची बाटली कलंडली. केरबानं पोच वाचली, तारीख चुकीची होती. त्यानं ती परत पुढं केली. "आज सतरा हाय."

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. लातूरहून आलेले साहेब मध्यमवयाचे, जाड चष्म्याचे, घाईत असलेले. बावीस हरकती होत्या. बहुतेक आजूबाजूच्या शेतवाल्यांच्या, आमचंही पिवळं करा म्हणणाऱ्या. चंद्रप्पा पांढऱ्या धोतरात पहिल्या रांगेत, शेजारी त्याचा आर्किटेक्ट. शेषेराव फायली घेऊन टेबलाजवळ. एकेक हरकत दोन मिनिटांत उरकत होती. मग केरबाचं नाव पुकारलं गेलं.

तो उठला तेव्हा मागं कुणीतरी हसलं. गटारीच्या कामावरून आला होता, पायाला चिखल होता.

"या जागेत ओढा हाय, साहेब. कुटं चाळीस फूट, कुटं साठ फूट रुंद. नकाशात न्हाई. मोकळी जागा म्हणून दाखवली ती ओढ्यात हाय."

साहेबांनी फाईल चाळली. "पाहणी अहवालात तर नाला नाही असं लिहिलंय."

शेषेराव पुढं झुकले. "साहेब, हा आमचाच चेनमन आहे. अहवालावर ह्याचीच सही आहे. कामावरून बदलला म्हणून राग धरलाय."

साहेबांनी चष्म्यावरून केरबाकडं पाहिलं. "ही सही तुमची?"

"हाव."

"म्हणजे खोटी नाही?"

"सही खरी हाय, साहेब. जाणं खोटं हाय. आमी दोघं बी जागेवर गेलो न्हाई."

साहेबांनी अहवाल पुन्हा उघडला.

"न जाता सही केलीत?"

"केली. न वाचता केली. ही एक न्हाई, एकतीस केल्या. यादी आणलीय."

"हे सांगितल्यावर तुमच्या नोकरीचं काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय. म्हणून तर पोच घेतलीय."

चंद्रप्पा उठला. "साहेब, ह्या माणसाचं काय ऐकता? दारू पिऊन आलाय. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या खळ्यावर मागून खाल्लं ह्यांनी, आता आम्हाला नकाशा शिकवायलेत!"

केरबा वळला. त्याचा आवाज भिंतीवर आदळला. "मागून खाल्लं तो माझा आजा होता. मी मोजून खातो! चल, उठ! ओढ्यात चल, तुझ्या धोतराला वाळू लागती का न्हाई ते बघू!"

"बसा खाली, दोघंही," साहेब म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं. मग फाईल बंद केली. "जीप काढा. जागा बघू."

पंधरा-वीस माणसं ओढ्याच्या काठावर जमली. साहेबांनी साखळी मागवली. केरबानं सवयीनं पुढचं टोक उचललं. मागचं टोक धरायला दुसरा चेनमन आलेला नव्हता. साहेब शेषेरावांना म्हणाले, "तुम्ही धरा."

दहा वर्षं छत्रीखाली उभं राहून आकडे लिहिणारा माणूस बूट काढायचीही वेळ न मिळता ओढ्यात उतरला. केरबा पलीकडच्या काठावर. साखळी ताणली गेली. शेषेरावांच्या बाजूला ती जरा सैल पडली.

"ताणा, साहेब!" केरबा ओरडला. "ताणून धरा! हातभर सैल सोडलं की कुणाचा तरी प्लॉट जातोय!"

कुणी हसलं नाही. शेषेराव मान खाली घालून साखळी ओढत राहिले. एक वाजल्यापासून तीनपर्यंत मोजणी चालली. केरबाच्या हरकतीतला एकही आकडा अर्ध्या फुटानंही चुकला नाही.

यानंतर सगळं नीट झालं, असं सांगता आलं असतं तर बरं होतं.

चौदा एकरांचा प्रस्ताव परत पाठवला गेला. ओढा नकाशावर दाखवा, काठ सोडा, मोकळी जागा सपाटीवर आणा, मग या. तेवढं खरंच झालं. पण आधीचे अकरा एकर मंजूर होऊन विकले गेले होते. "ते आता माझ्या हातात नाही," लातूरचे साहेब म्हणाले. "खरेदीदारांनी कोर्टात जावं." महादेवी कोर्टात कशी जाणार? ती आणि भामाबाई आणि दवाखान्यातल्या पाच-सहा बाया चंद्रप्पाच्या आडत दुकानाच्या दारात जाऊन बसल्या. ऐन तुरीच्या हंगामात चार दिवस बसल्या. गाड्या आत जाईनात. पाचव्या दिवशी चंद्रप्पानं शिव्या देत तिला मागच्या बाजूचा दुसरा प्लॉट लिहून दिला, आधीच्याहून लहान. ज्यांचे प्लॉट असेच पात्रात आले होते, त्या बाकीच्या सहा लोकांनी ओढ्यातच भराव टाकून घरं बांधली. त्यांनी केरबाशी बोलणं सोडलं, कारण त्याच्या बोलण्यानं त्यांच्या घरांची किंमत उतरली होती.

शेषेरावांना ताकीद मिळाली आणि दुसऱ्या गावी बदली. केरबा निलंबित झाला. गुन्हा काय, तर प्रत्यक्ष न जाता अहवालावर सही केली. चौकशी चौदा महिने चालली. चौकशीच्या कागदावर वाक्य होतं, 'कर्मचाऱ्याने आपला दोष स्वतः कबूल केला आहे.' दुसऱ्या कुणी कबूल केला नव्हता, म्हणून दुसऱ्या कुणाची चौकशी नव्हती. हे वाक्य वाचून केरबानं तो कागद, घेऊन आलेल्या निवृत्तीच्या तोंडावर फेकला, आणि मग बिचाऱ्या निवृत्तीची माफी मागितली. त्या चौदा महिन्यांत भामाबाईनं घर चालवलं. पुढं त्याला परत घेतलं, पण पंपघरावर रखवालदार म्हणून. साखळी पुन्हा त्याच्या हाती दिली नाही.

आणि पूर? पूर आलाच नाही. चार पावसाळे गेले, ओढ्यात घोट्याएवढं पाणी आलं आणि गेलं. बाजारात लोक केरबाला गाठून विचारायचे, "काय केरबा, कुटं हाय तुझा ओढा?" तो भाजीची पिशवी खाली ठेवायचा आणि भर रस्त्यात तडकायचा. "पाणी आलं न्हाई म्हणून माप खोटं होतंय का रे? तुझ्या बापाचं घर लुटायला कुणी आलं न्हाई, म्हणून त्यानं दाराला कडी लावली नव्हती का?"

पंपघरावर दर गुरुवारी सुट्टी असायची. त्या दिवशी केरबा घरचा टेप घेऊन निघायचा. एकतीस जागा. ज्या जागी तो गेला नव्हता, त्या प्रत्येक जागी तो आता गेला. भामाबाई बरोबर असायची. कुठं मालकानं कुत्रं सोडलं, कुठं चहा दिला, एका ठिकाणी दोघांना दुपारभर गोठ्यात कोंडून ठेवलं. मोकळी जागा नकाशाप्रमाणे आहे का, रस्ता तेवढा रुंद आहे का, ओढा, विजेची तार, विहीर काय दाखवलं आणि काय लपवलं, सगळं तो लिहायचा आणि खाली ज्या दिवशी गेला त्या दिवसाची तारीख घालून सही करायचा. तीन वर्षं लागली. एकतिसापैकी बारा जागा नकाशाप्रमाणे निघाल्या, एकोणीस नाहीत. प्रत्येक कागद त्यानं नगरपालिकेत दिला, पोच घेतली. त्यावर चार ठिकाणी काही दुरुस्ती झाली. पंधरा कागदांचं काय झालं, ते कुणालाच सांगता आलं नाही. केरबा दर सहा महिन्यांनी जाऊन विचारायचा, आणि नवे नवे कारकून त्याला बघून आतल्या खोलीत सटकायचे.

पण गावात एक गोष्ट बदलली. प्लॉट घ्यायचा म्हटलं की लोक पंपघराकडं वळू लागले. ज्या सहा घरांनी बोलणं सोडलं होतं, त्यांतल्याही एकाचा मेहुणा आला. केरबा पंपाजवळच्या बाकावर बसून ऐकून घ्यायचा आणि मग ठरलेला प्रश्न विचारायचा, "इसार दिलास का?"

एकदा लातूरहून बदलून आलेला एक तरुण मास्तर आला. त्यानं खाली बघत सांगितलं, "दिला. कालच दिला."

"काल दिला अन् आज मला विचारायलास?" केरबा उभा राहिला. "बाजारात टोपलीतलं वांगं घेताना दाबून बघतोस ना? अन् जन्माची जागा न बघता घेतलीस? शिकलेला ना तू? पोरांला काय शिकवायलास?"

मास्तर कानकोंडा झाला. "चुकलं, मामा. आता काय करू?"

"काय करू म्हणं! नकाशा आणलास का?"

"आणलाय."

"दाखव हिकडं. असा न्हाई, उलटा धरलायस. उत्तर वर पायजे."